एकुलती एक प्रत

मुलचेरा तालुक्यातील एका शाळेच्या लोखंडी कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. डब्यात डांबराच्या गोळ्या होत्या आणि चार फ्लॉपी. आजच्या विद्यार्थ्यांनी फ्लॉपी पाहिलेली नसते, म्हणून सांगायला हवे : सव्वापाच इंच लांब-रुंद काळ्या पाकिटात बसवलेली, वाकवली तर वाकणारी पातळ चकती. १९८० नंतरची दहा-पंधरा वर्षे संगणकातील मजकूर साठवण्याचे आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याचे हे नेहमीचे साधन होते.

एका फ्लॉपीवर 'डिगर' असे लिहिले होते. दोहोंवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया १' आणि '२'. चौथीवरील चिठ्ठीवर निळ्या शाईत होते, 'पुडा, मे १९९५'. पहिली दोन नावे जुन्या संगणक-खेळांची. १९८३ चा 'डिगर' आणि १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आमच्या पिढीने संगणकाच्या शिकवणीत चोरून खेळलेले आहेत. 'पुडा' मात्र आम्ही कधी ऐकला नव्हता. ऐकणार तरी कोठून? तो साऱ्या जगात त्या एका फ्लॉपीवरच होता.

जुने संगणक-खेळ जपावेत, ते मुक्तपणे वाटावेत, असे म्हणणारी मंडळी आता देशोदेशी आहेत. पण कोणता खेळ जपण्याची घाई आहे आणि जपण्यासाठी नेमके काय करावे लागते, हे आम्हाला त्या डब्याने शिकवले. ते शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

खेळ कसा होता?

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा हा तालुका आलापल्लीच्या उत्तरेला, जंगलाने वेढलेला आहे. माडिया आणि गोंड वस्त्या, त्यांच्या शेजारी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या आणि १९६० नंतरच्या काळात येथे वसवलेल्या बंगाली कुटुंबांची गावे, आणि शाळेची भाषा मराठी. गेल्या वर्षी विज्ञान शिक्षकांच्या शिबिरासाठी आम्ही तेथे गेलो, तेव्हा हा डबा समोर आला. खेळ लिहिणारे गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. ते जवळच्याच गावात राहत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानाने थोडे कमी, पण स्मरण पक्के.

गुरुजींनी १९९५ च्या उन्हाळी सुट्टीत चंद्रपूरला महिनाभर संगणकाची शिकवणी लावली होती. बल्लारपूरच्या नातेवाइकाकडून एक वापरलेला संगणक घेऊन ते गावी आले आणि 'जीडब्ल्यू-बेसिक' या भाषेत त्यांनी एक खेळ लिहिला. त्या भागात मे महिना म्हणजे तेंदूपान तोडणीचा हंगाम. मुले आईवडिलांबरोबर पहाटे जंगलात जातात, दुपारी पाने जुळवून पुडे बांधतात. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी फळीवर पुडे मोजले जातात आणि त्याप्रमाणे मजुरी ठरते. गुरुजींच्या खेळात हेच होते. पडद्यावर पानांची संख्या येई. किती पुडे होतील आणि किती पाने उरतील ते सांगायचे. उत्तर बरोबर आले की फळीवर एक पुडा मांडला जाई. चुकले की पाऊस येऊन मांडलेल्यांतला एक पुडा भिजे.

"भागाकार आमच्या पोरांना येत होताच जी," गुरुजी म्हणाले. "फळीवर कोणी फसवू शकत नव्हते त्यांना. वहीत घातला की येत नव्हता."

खेळात आणखी एक गंमत होती. अंक मराठीत हवेत की बंगालीत, हे मुलाने आधी निवडायचे. बंगाली चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो. त्यामुळे बंगाली घरांतील मुले इंग्रजी अंक शिकताना हमखास गोंधळत, आणि शिक्षकांना वाटे की मुलाला गणितच येत नाही. गुरुजी स्वतः बंगाली कुटुंबातले. त्यांनी हे ओळखले होते. त्या संगणकावर मराठी किंवा बंगाली अक्षरांची सोय नव्हती. म्हणून त्यांनी प्रत्येक अंक आठ ओळी आणि आठ स्तंभांच्या चौकटीत ठिपक्यांनी काढला, आणि ठिपक्यांच्या प्रत्येक ओळीची एक संख्या करून ती आज्ञावलीत लिहिली. एक अंक म्हणजे आठ संख्या.

चार वर्षे मुले तो खेळ खेळली. १९९९ मध्ये संगणक बंद पडला आणि फ्लॉपी डब्यात गेली.

फ्लॉपी कशाने मरते?

आमचे स्वतःचे काम चुंबकीय पदार्थांवरचे असल्याने हा भाग आम्हाला जवळचा आहे. फ्लॉपीची चकती पॉलिएस्टरची असते. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो आणि ते कण चकतीला धरून ठेवण्यासाठी एक चिकट बहुलक असते. भिंतीवरच्या रंगात रंगद्रव्य आणि ते धरून ठेवणारे तेल असते, तसाच हा प्रकार. माहिती साठते ती कणांच्या चुंबकीय दिशेत.

लोकांची अशी समजूत असते की काळाबरोबर चुंबकत्व उडून जाते आणि फ्लॉपी कोरी होते. चुंबकत्व थोडे क्षीण होते हे खरे, पण बहुधा आधी दगा देते ते धरून ठेवणारे बहुलक. हवेतील बाष्पाने त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि थर मऊ व चिकट होतो. त्यात बुरशीची भर पडते. जून ते सप्टेंबर या काळात गडचिरोलीच्या जंगलात कपाटातील चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. फ्लॉपीची काय कथा!

यात आणखी एक अडचण आहे. फ्लॉपी वाचणाऱ्या यंत्राचे वाचनशीर्ष चकतीला प्रत्यक्ष टेकते, आणि चकती सेकंदाला पाच फेरे घेते. बुरशी असलेली फ्लॉपी तशीच यंत्रात घातली तर बुरशीबरोबर थरही खरवडला जातो. म्हणजे 'चालते का पाहू या' म्हणून केलेला पहिला प्रयत्न हाच शेवटचा ठरू शकतो. जुनी फ्लॉपी हाती आली की ती यंत्रात न घालणे, हे जपणुकीचे पहिले पाऊल आहे.

आमच्या चारपैकी तीन फ्लॉपींवर पांढऱ्या बुरशीची जाळी पसरली होती. 'पुडा' मात्र वहीच्या प्लास्टिकच्या आवरणात घट्ट गुंडाळलेली होती. तिच्या कडेलाच थोडी बुरशी होती.

सातशे वीस घरे आणि ताळा

या जातीच्या फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूवर ४० वर्तुळाकार मार्ग असतात. प्रत्येक मार्गाचे ९ भाग करतात, त्यांना सेक्टर म्हणतात. आपण घरे म्हणू. दोन्ही बाजू धरून ४० × ९ × २ = ७२० घरे झाली. एका घरात ५१२ बाइट मावतात, म्हणजे साधारण ५१२ रोमन अक्षरे. सगळी मिळून ३,६८,६४० बाइट. आजच्या मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रालाही एवढी जागा पुरत नाही.

फ्लॉपी शुद्ध अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून, वाळवून आम्ही वाचली. त्यासाठी जुन्या फ्लॉपी-यंत्राला एक छोटे विद्युत-मंडल जोडावे लागते. ते अक्षरे वाचत नाही. चुंबकीय दिशा कोठे कोठे पालटते, तेवढ्या वेळा टिपून ठेवते. अर्थ नंतर लावायचा. पहिल्या वाचनात ७२० पैकी ७०३ घरे नीट आली. पुन्हा पुन्हा वाचून आकडा ७१६ वर गेला. चार घरे शेवटपर्यंत आली नाहीत.

घर नीट आले की नाही हे कळते कसे? फ्लॉपीवर लिहिताना यंत्र प्रत्येक घराच्या शेवटी त्या घरातील मजकुरावरून काढलेली एक तपासणी-संख्या लिहून ठेवते. वाचताना तीच संख्या पुन्हा काढायची आणि जुळवायची. आपण गुणाकाराचा ताळा पाहतो तेच हे. ७० × ३४ = २३८० हे बरोबर आहे का? नवाच्या ताळ्याने ७० चे ७ आणि ३४ चे ७; ७ × ७ = ४९, त्याचे १३, त्याचे ४. उत्तराच्या अंकांची बेरीज २ + ३ + ८ + ० = १३, म्हणजे ४. ताळा जमला. पण कोणी घाईत २८३० लिहिले तरी ताळा ४ च येतो! अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला पकडता येत नाही. फ्लॉपीवरचा ताळा यापेक्षा हुशार असतो. त्यात मजकुराचा क्रमही हिशेबात घेतला जातो आणि त्याला ६५,५३६ निरनिराळ्या किमती असू शकतात. त्यामुळे वेडावाकडा बिघड होऊनही ताळा योगायोगाने जुळण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक एवढीच उरते.

करून पहा

हा ताळा वर्गात पत्त्यांवर शिकवता येतो. एका मुलाला २५ पत्ते द्या. पाच ओळी आणि पाच स्तंभांत, काही सुलटे आणि काही पालथे, त्याला हवे तसे मांडू द्या. मग "थोडे अवघड करू या" असे म्हणून तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी एक पत्ता ठेवा, असा की त्या ओळीतील पालथ्या पत्त्यांची संख्या सम व्हावी. नंतर सहा स्तंभांच्या खाली तसाच एकेक पत्ता ठेवा. आता सहा गुणिले सहा पत्ते झाले. तुम्ही पाठ फिरवा. मुलाने कोणताही एक पत्ता उलटावा. वळून पाहा : एका ओळीत आणि एका स्तंभात पालथे पत्ते विषम झालेले असतील. ती ओळ आणि तो स्तंभ जेथे छेदतात तोच पत्ता!

जादू संपल्यावर मुलांना दोन प्रश्न विचारा. दोन पत्ते उलटले तर काय कळेल आणि काय कळणार नाही? चार पत्ते कसे उलटले तर काहीच कळणार नाही? चूक झाली हे समजणे आणि चूक दुरुस्त करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना या खेळातून आपोआप उमगते. फ्लॉपीचा ताळा पहिली गोष्ट करतो, दुसरी नाही. आमची चार घरे गेली हे त्याने सांगितले. त्यांत काय होते हे तो सांगू शकत नव्हता.

संगणकाचे सोंग घेणारा संगणक

मजकूर हाती आला म्हणजे खेळ हाती आला असे नाही. १९९५ चा तो संगणक आता नाही आणि आजचा संगणक ती आज्ञावली जशीच्या तशी चालवत नाही. यावरचा उपाय म्हणजे एम्युलेटर. आपल्याकडे बहुरूपी दारी येतो तेव्हा पोलिसाच्या वेषात तो पोलिसासारखाच बोलतो, दरडावतो, शिट्टी वाजवतो. एम्युलेटर हा संगणकातला बहुरूपी आहे. ती एक आज्ञावलीच असते, पण ती जुन्या संगणकाचे सोंग घेते. जुन्या यंत्राची एक आज्ञा उचलायची, त्या यंत्राने काय केले असते ते पाहायचे, तसेच करायचे, मग पुढची आज्ञा. एक यंत्र दुसऱ्या यंत्राची नक्कल हुबेहूब करू शकते, ही कल्पना ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच गणिताने मांडली होती.

सोंग नीट वठायचे तर मंदपणाही नकलावा लागतो. त्या काळच्या पीसी-एक्सटी जातीच्या संगणकाचे घड्याळ सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके देई. आजची यंत्रे शेकडो पट वेगवान आहेत. जुना खेळ त्या वेगाने सोडला तर पाऊस येतो आणि पुडे भिजतात, पण ते डोळ्याला दिसत नाही. म्हणून एम्युलेटर मुद्दाम थांबत थांबत चालतो.

१९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन तरुणाने 'मेम' नावाचा एम्युलेटर प्रसिद्ध केला. त्याने नाण्यावर चालणारी खेळयंत्रे जिवंत केली. २००२ मध्ये 'डॉसबॉक्स' आला; त्याने जुन्या पीसीवरचे खेळ पुन्हा चालू केले. दोन्ही फुकट मिळतात आणि त्यांची रचना कोणालाही पाहता येते. जीडब्ल्यू-बेसिकची १९८३ सालची मूळ आज्ञावली मायक्रोसॉफ्टने मे २०२० मध्ये खुली केली. ती भाषा समजणारा 'पीसी-बेसिक' हा मुक्त एम्युलेटरही उपलब्ध आहे. 'पुडा' आम्ही त्यावरच चालवला.

म्हणजे यंत्राची चिंता जगाने मिटवलेली होती. उरली होती फक्त त्या एका फ्लॉपीची.

जगते काय आणि मरते काय?

आता डब्यातील बाकीच्या तीन फ्लॉपींकडे वळू. त्या वाचता आल्या नाहीत. त्याने काय बिघडले? काहीच नाही. 'डिगर' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' यांच्या प्रती जगभर पडल्या आहेत. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने जानेवारी २०१५ मध्ये डॉस काळातील सुमारे चोवीसशे खेळ कोणालाही खेळता येतील असे मांडले. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे कर्ते जॉर्डन मेकनर यांची स्वतःची मूळ आज्ञावली अनेक वर्षे हरवली होती. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना ती एका जुन्या खोक्यात सापडली. जाणकारांनी त्या फ्लॉपी काळजीपूर्वक वाचल्या आणि मेकनर यांनी आज्ञावली सर्वांसाठी खुली केली.

थोडे गणित करू. समजा, कोणतीही एक प्रत दहा वर्षे टिकण्याची शक्यता निम्मी आहे. एकच प्रत असेल तर खेळ नष्ट होण्याची शक्यताही निम्मी. दहा ठिकाणी दहा प्रती असतील तर सगळ्या एकदम नष्ट होण्याची शक्यता दोनाच्या दहाव्या घाताला एक, म्हणजे १,०२४ मध्ये एक. फ्लॉपी कितीही चांगली ठेवली तरी एवढा फरक पडत नाही. वाटणे हीच येथे जपणूक आहे. पण दहाही प्रती एकाच कपाटात ठेवल्या तर हे गणित कोसळते, कारण एकच पाऊस त्या दहांना गाठतो.

तरीही प्रसिद्ध खेळांची स्थिती आपल्याला वाटते तेवढी चांगली नाही. २०१० पूर्वी अमेरिकेत विक्रीस आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळत नाहीत, असे 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये दाखवून दिले. ते मालकांनी जपलेले नाहीत. जगले ते बऱ्याच अंशी हौशी लोकांनी काढलेल्या प्रतींमुळे. मग ज्या खेळाला बाजारच नव्हता, जो एका तालुक्यातील एका शाळेसाठी लिहिला गेला, तो कोण जपणार?

कायदा काय म्हणतो?

येथे शिक्षकांच्या मनात रास्त शंका येईल : प्रती काढून वाटणे ही चोरी नव्हे काय? विषय नाजूक आहे. स्पष्टच बोलायला हवे.

भारतात १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतीत धरली गेली. म्हणजे खेळाची आज्ञावली आणि कादंबरी यांना एकच मुदत : लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षे. रीतसर घेतलेल्या आज्ञावलीची प्रत नाश, हानी यांपासून संरक्षण म्हणून स्वतःजवळ काढून ठेवायला कायद्याची मुभा आहे. ती दुसऱ्यांना वाटायला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली, पण ज्या कृतीची बिगर-संगणकीय प्रत ग्रंथालयाजवळ आधीच आहे तिच्यासाठी. फ्लॉपीवर जन्मलेल्या खेळाला ही वाट बंद आहे. आणखी एक पाहा. छापील पुस्तकाची प्रत १९५४ च्या कायद्याने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांत जमा होते. आज्ञावलीला तसे घरच नाही.

अमेरिकेतही हा वाद मिटलेला नाही. ग्रंथालयांनी जपलेले जुने खेळ संशोधकांना दुरून पाहू द्यावेत, ही मागणी तेथील स्वामित्वहक्क कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली.

डब्यातील त्या तीन फ्लॉपी शिकवणीतून उतरवून घेतलेल्या, बिनपरवान्याच्या होत्या. ते बरोबर होते असे आम्ही म्हणणार नाही. पण मालकाने स्वतः परवानगी दिली तर सगळी अडचण एका दमात सुटते, याचे एक उत्तम उदाहरण आहे. १९८९ मध्ये विल राइट यांचा 'सिमसिटी' हा शहर वसवण्याचा खेळ आला. मालक कंपनीने जानेवारी २००८ मध्ये त्याची आज्ञावली 'मायक्रोपोलिस' या नावाने मुक्त परवान्याखाली दिली. कोणीही वापरावी, बदलावी, वाटावी. ती दिली ती 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या योजनेच्या छोट्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपसाठी. आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील वाडीच्या शाळेत २००७ साली मुलांच्या हाती आले तेच हे लॅपटॉप.

'पुडा'चे मालक तर समोरच बसले होते. कायद्याला परवाना लेखी लागतो. गुरुजींनी वहीचे पान घेतले आणि लिहिले : हा खेळ मी माझ्या घरी, माझ्या वेळात लिहिला. कोणीही खेळावा, प्रत काढावी, वाटावी, बदलावी. बदलला तर बदलला असे लिहावे. खाली सही आणि तारीख. संपूर्ण कामात सर्वांत महत्त्वाचा कागद तोच होता, आणि त्याला दोन मिनिटे लागली. पाच वर्षांनी गेलो असतो तर कदाचित तो मिळालाच नसता.

हरवलेले घर

चार गेलेल्या घरांपैकी तीन फ्लॉपीच्या रिकाम्या भागात होती. चौथे मात्र खेळाच्या मधोमध होते. जीडब्ल्यू-बेसिक आज्ञा साठवताना त्यांचा संक्षेप करते. उदाहरणार्थ, 'प्रिंट' हा शब्द पाच अक्षरांनी न लिहिता १४५ या एका संख्येने लिहिते. पण अंकांच्या ठिपक्यांच्या संख्या अक्षरशः जशाच्या तशा ठेवते, त्यामुळे त्या बरीच जागा खातात. दहा अंकांच्या दहा ओळी एका घरात मावतील एवढ्या होत्या, आणि मावल्याही होत्या. मराठी अंकांचे घर शाबूत होते. बंगाली अंकांचे गेले होते. शून्य ते नऊ, सगळे.

नेमके जे या खेळाचे वेगळेपण तेच गेले. नवे ठिपके आम्हाला काढता आले असते, पण ते गुरुजींचे झाले नसते. आम्ही चाचरत त्यांना सांगितले. ते उठले, आत गेले आणि एक चौकटीची वही घेऊन आले. मे १९९५ मध्ये संगणकाला हात लावण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक अंक पेन्सिलीने आठ बाय आठच्या चौकटीत काढला होता आणि प्रत्येक ओळीपुढे तिची संख्या लिहिली होती. बंगाली चाराशेजारी शेराही होता : 'वरचे तोंड उघडे नको, मुले गोंधळतात.'

त्या ऐंशी संख्या आम्ही वहीवरून भरल्या. रात्री नऊ वाजता खेळ चालू झाला. गुरुजींनी पहिलेच उत्तर चुकवले आणि पुडा भिजला. ते खूप हसले.

येथून घ्यायचा धडा सरळ आहे. नुसती आज्ञावली जपणे पुरेसे नाही. वही, टिपणे, लेखकाच्या आठवणी हे सगळे मिळून खेळ होतो. आणि सव्वीस वर्षे एकाच घरात राहूनही कागद टिकला होता, फ्लॉपी पूर्ण टिकली नव्हती.

शाळेत काय करता येईल?

जिल्ह्यातील अनेक शाळांत मागील तीस-पस्तीस वर्षांतील फ्लॉपी, सीडी, बंद पडलेल्या हार्ड डिस्क पडून आहेत. त्यांत बाजारचे खेळ असतील. ते सोडून द्या. शोधावे ते शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले. प्रश्नमंजूषा, पाढ्यांचे खेळ, परिसराची चित्रे, बोलीतील शब्दांच्या याद्या. त्यांच्यासाठी पाच गोष्टी कराव्यात.

फ्लॉपी किंवा सीडी घाईने यंत्रात घालू नये. बुरशी दिसली तर जाणकाराकडे न्यावी. वाचता आली तर संपूर्ण चकतीची तंतोतंत प्रत काढावी, एकेक फाइल निवडून नव्हे. त्या प्रतीची तपासणी-संख्या काढून वहीत लिहावी, म्हणजे पुढे कोणालाही ताळा पाहता येईल. लेखक हयात असतील तर त्यांना भेटून लेखी परवानगी घ्यावी आणि खेळ कसा, कोणासाठी केला ते लिहून घ्यावे. शेवटी, निदान तीन वेगवेगळ्या गावी तीन प्रती ठेवाव्यात आणि दर वर्षी एकदा उघडून पाहाव्यात.

'पुडा' आता तालुक्यातील निरनिराळ्या शाळांत पेनड्राइव्हने पोचला आहे. त्याला इंटरनेट लागत नाही. जुलैत एका माडिया मुलीने शिक्षकांना विचारले, "यातला पुड्याचा भाव इतका कमी कसा? माझ्या आईला तर जास्त मिळतो. बदलू का?" बदल म्हणून सांगितले. आता संगणकावर दोन फाइली आहेत. 'पुडा १९९५' तशीच ठेवली आहे. तिच्यात त्या वर्षीचा भाव आहे आणि तो आता इतिहासाचा पुरावा आहे. दुसरीत त्या मुलीने आजचा भाव घातला आहे आणि वर गुरुजींचे नाव ठेवून खाली आपले लिहिले आहे. तिला आता तिसरी भाषा हवी आहे. माडियातील संख्याशब्द ती आजीकडून लिहून घेत आहे.

आपल्या शाळेतील कपाट एकदा उघडून पाहावे. शक्यतो पावसाळ्याच्या आत.